पावती हातात, पण नोंद सर्व्हरवर नाही: डेटाबेसच्या प्रतींविषयी प्रश्न

प्रश्न: पन्हाळारोड

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका छोट्या कंपनीत आहे. गावोगावच्या दूध संस्थांसाठी आम्ही संकलनाचं सॉफ्टवेअर चालवतो. सध्या २४० संस्था आहेत. सकाळी साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी तेवढाच वेळ, पण त्या वेळात मान वर करायला सवड नसते. माणूस किटली घेऊन येतो, दूध काट्यावर जातं, नमुना फॅटच्या मशीनमध्ये जातो. मग सभासद क्रमांक, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दर अशी नोंद आमच्या सर्व्हरवर येते. सर्व्हरने "झालं" म्हटलं की संस्थेतल्या छोट्या प्रिंटरवर पावती निघते.

डेटाबेस पोस्टग्रेस आहे. प्रायमरी म्हणजे मुख्य सर्व्हर मुंबईत, त्याची प्रत ठेवणारा एक स्टँडबाय मुंबईतच पण वेगळ्या डेटा सेंटरमध्ये, दुसरा स्टँडबाय हैदराबादला. लिहिणं फक्त प्रायमरीवर. संस्थेच्या स्क्रीनवरची आजची यादी, शेतकऱ्यांचं ॲप आणि रिपोर्ट हे सगळं वाचन मुंबईच्या स्टँडबायवरून होतं, प्रायमरीवर भार नको म्हणून.

दोन अडचणी आहेत.

पहिली रोजची आहे. सचिव सेव्ह दाबतात, पावती निघते, पण समोरच्या यादीत नोंद दिसत नाही. कधी २ सेकंद, कधी २० सेकंदसुद्धा. मागे रांग असते. सचिवांना वाटतं गेली नाही, ते पुन्हा दाबतात. त्या सभासदाचं दूध दोनदा लागतं, आणि दहा दिवसांचं बिल निघताना भांडण.

दुसरी गेल्या महिन्यातली. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी प्रायमरीची डिस्क गेली. ड्यूटीवर मीच होतो. दोन्ही स्टँडबाय तपासले. मुंबईचा शेवटचा व्यवहार ७:०४:४१ चा दाखवत होता, हैदराबादचा ७:०५:०३ चा. म्हणून जो पुढे होता त्या हैदराबादला प्रायमरी केलं. चार मिनिटांत काम पुन्हा सुरू झालं, सगळ्यांनी शाबासकी दिली. बिलाच्या दिवशी कळलं की १७ पावत्या लोकांच्या हातात आहेत आणि डेटाबेसमध्ये त्यांचा पत्ता नाही. एक आजी ती पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून घेऊन आल्या होत्या. म्हैस, ६.४ लिटर, फॅट ७.१. पावतीवर आमच्या सॉफ्टवेअरचं नाव. संस्थेने पैसे दिले, पण त्या दिवसापासून मला ती पावती डोळ्यांपुढून हलत नाही.

आता साहेब म्हणतात, मास्टर (एकच मुख्य सर्व्हर) नसलेला डेटाबेस घ्या, कॅसँड्रासारखा, म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही. खरंच उरणार नाही का? तीन नोड, म्हणजे प्रती ठेवणारी तीन मशीन, असली की एक लिखाण तिघांकडे नक्की कसं पोचतं, आणि "झालं" हे उत्तर कोणत्या क्षणी मिळतं? मला मुळापासून समजून घ्यायचं आहे.

उत्तर: किर्दखतावणी

पन्हाळारोड, तुम्ही वेळा लिहिल्या आहेत म्हणून उत्तर देता येतंय, नाहीतर नुसता अंदाज करावा लागला असता. मी १६ वर्षं डेटाबेस सांभाळते आहे, त्यातली बरीचशी पोस्टग्रेसवर. सविस्तर लिहिते.

माझे वडील सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत कारकून होते. त्यांचा एक नियम होता: आधी किर्द, मग खतावणी. पैसे खिडकीवर आले की पहिली ओळ रोजकिर्दीत, वेळेच्या क्रमाने, शाईने. कोणाच्या खात्यावर किती हे खतावणीत नंतर, सावकाश. संध्याकाळी खतावणीचं पान फाटलं तरी किर्दीवरून ते पुन्हा लिहिता यायचं. किर्द गेली तर काहीच उरत नाही.

पोस्टग्रेस अगदी हेच करतं. तुमची नोंद टेबलच्या फाइलमध्ये लगेच जात नाही. आधी ती वॉल नावाच्या किर्दीत शेवटची ओळ म्हणून जाते, ती ओळ डिस्कवर पक्की बसते, आणि तेव्हा कमिट झालं, म्हणजे नोंद पक्की झाली, असं उत्तर येतं. टेबल ही खतावणी, ती मागाहून भरते. स्टँडबायकडे जाते ती या किर्दीची नक्कल, ओळीमागून ओळ. स्टँडबाय ती नक्कल आधी आपल्या डिस्कवर उतरवतो आणि मग तिच्यावरून आपली खतावणी भरतो. ही दोन कामं वेगळी आहेत, एवढं लक्षात ठेवा. तुमच्या दोन्ही अडचणींचं मूळ इथेच आहे.

आधी १७ पावत्या. तुमच्याकडे २४० संस्था. रांगेत एका माणसाला साधारण २० सेकंद लागतात असं धरलं तर सेकंदाला १२ नोंदी. १७ भागिले १२ म्हणजे जेमतेम दीड सेकंदाचं लिखाण गेलं. हैदराबादची वाट त्या वेळी दीड सेकंद मागे होती, एवढाच त्याचा अर्थ.

मग मुंबईचा स्टँडबाय, जो प्रायमरीच्या शेजारी आहे, तो २४ सेकंद मागे कसा? माझा अंदाज असा की तो मागे नव्हताच. तुम्ही बघितलात तो शेवटचा खतावलेला व्यवहार. किर्द त्याच्याकडे जवळजवळ शेवटच्या ओळीपर्यंत आलेली असणार, फक्त खतवायची राहिली होती. आणि ती का राहिली होती? त्याच मशीनवर सकाळी एखादा मोठा रिपोर्ट चालतो का, ते बघा. किर्दीत "हे जुने रेकॉर्ड आता काढून टाका" अशी व्हॅक्यूमची (पोस्टग्रेसच्या साफसफाईची) ओळ आली आणि स्टँडबायवर चालू असलेल्या रिपोर्टला नेमके तेच रेकॉर्ड हवे असले, तर स्टँडबाय खतवणं थांबवून रिपोर्टची वाट बघतो. मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले ही ती मर्यादा, न बदलल्यास ३० सेकंद. तुमच्या स्क्रीनवर नोंद २० सेकंद दिसत नाही ती यामुळेच, आणि ७:०५ ला मुंबईचा स्टँडबाय मागे वाटला तोही यामुळेच.

स्टँडबायला प्रायमरी करताना तो हातात असलेली सगळी किर्द आधी खतवून घेतो आणि मगच दार उघडतो. म्हणजे त्या दिवशी मुंबईवाल्याला वर आणलं असतं तर फार तर अर्धा मिनिट जास्त गेलं असतं, आणि त्या १७ पैकी बहुतेक सगळ्या नोंदी तिथे मिळाल्या असत्या. दोघांत पुढे कोण हे ठरवताना पीजी_लास्ट_वॉल_रिसीव्ह_एलएसएन, म्हणजे किर्द कुठवर हातात आली आहे, ते बघायचं, खतावलेली वेळ नाही. हे मी तुम्हाला टोचण्यासाठी लिहीत नाही. सकाळच्या घाईत समोर दोन वेळा दिसल्या तर कोणीही मोठी वेळच निवडेल. म्हणून हा निर्णय माणसावर ठेवायचाच नाही, त्याबद्दल खाली लिहिते.

आता मूळ दुखणं. तुमच्याकडे प्रती अ‍ॅसिंक्रोनस आहेत. प्रायमरीने स्वतःच्या किर्दीत लिहिलं की लगेच "झालं" म्हणते, स्टँडबायना नक्कल आपल्या गतीने जाते. इथे एका नावामुळे पुष्कळ जण फसतात. सिंक्रोनस_कमिट हे सेटिंग सुरुवातीपासून "ऑन" असतं, त्यामुळे सगळ्यांना वाटतं आपलं काम झालेलं आहे. पण सिंक्रोनस_स्टँडबाय_नेम्स ही यादी रिकामी असेल तर "ऑन"चा अर्थ फक्त माझ्या स्वतःच्या डिस्कवर. ती यादी भरली की त्याच "ऑन"चा अर्थ बदलतो: नेमलेल्या स्टँडबायच्या डिस्कवरही ओळ बसली, मगच उत्तर. हे पोस्टग्रेसमध्ये ९.१ पासून, म्हणजे २०११ पासून आहे.

यादीत काय लिहायचं? दोन्ही स्टँडबाय सक्तीचे केलेत तर एक बंद पडताच तुमचं सगळं संकलन थांबेल. कमिट नापास होत नाही, ते नुसतं वाट बघत बसतं, आणि रांग तशीच उभी. म्हणून "एनी १" लिहा: दोघांपैकी कोणाही एकाने पोच दिली की पुरे. ही सोय २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून आहे. रोज पोच मुंबईच्या शेजाऱ्याकडून येईल, त्याला मिलिसेकंद-दोन मिलिसेकंद लागतात. तो आजारी पडला तर हैदराबाद पोच देईल. मुंबई ते हैदराबाद सरळ रेषेत ६२० किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन किमान ६ मिलिसेकंद, आणि तार सरळ जात नाही म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. किटली रिकामी करणाऱ्या माणसाला ते कळणारही नाही. वेग कमी होईल ही भीती तुमच्या कामात सोडून द्या.

या रचनेत "झालं" म्हणजे तीनपैकी दोन ठिकाणी शाईने लिहिलं गेलं. एक मशीन कायमचं गेलं तरी उरलेल्या दोघांपैकी एकाकडे ती ओळ असतेच. अट एकच, वर आणताना त्या दोघांत ज्याच्याकडे किर्द जास्त आहे त्यालाच आणायचं. हे तुमच्यावर ठेवू नका, पेट्रोनी वापरा, म्हणजे प्रायमरी बदलण्याचं काम आपोआप करणारं सॉफ्टवेअर. आपल्यातला नेता, म्हणजे प्रायमरी, कोण याची नोंद तो ईटीसीडी नावाच्या वेगळ्या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतो, आणि सिंक्रोनस मोड चालू केला तर वर लिहिलेली यादीही स्वतःच सांभाळतो. मग ती हाताने लिहू नका.

नेता बदलताना काय होऊ शकतं याची एक जाहीर गोष्ट सांगते. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबच्या (प्रोग्रामर आपला कोड ठेवतात ती सेवा) अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरचा नेटवर्क संपर्क ४३ सेकंद तुटला. त्यांच्या यंत्रणेने मायएसक्यूएल या त्यांच्या डेटाबेसची प्रायमरी पश्चिम किनाऱ्यावर नेली. पण पूर्वेकडे काही सेकंदांचं असं लिखाण पडलं होतं जे पश्चिमेला पोचलंच नव्हतं, आणि पश्चिमेला नवीन लिखाण सुरू झालेलं. दोन्हीकडे दुसऱ्याकडे नसलेल्या ओळी. त्यांच्या एका गजबजलेल्या क्लस्टरमध्ये (सर्व्हरच्या गटात) असं अडकलेलं लिखाण ९५४ ओळींचं होतं, आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. संपर्क तुटला होता तो ४३ सेकंद. हे सगळं त्यांनी स्वतः मोकळेपणाने लिहून जाहीर केलं, त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे.

राहिली यादीत नोंद न दिसण्याची तक्रार. सिंक्रोनस_कमिटची रिमोट_अप्लाय नावाची एक पातळी आहे, तिच्यात स्टँडबायने खतावल्यावरच उत्तर येतं. पण "एनी १" बरोबर ती लावलीत तर खतावणारा हैदराबाद असू शकतो आणि तुम्ही वाचताय मुंबईतून! म्हणून साधा मार्ग घ्या. संस्थेच्या स्क्रीनवरची आजची यादी प्रायमरीवरूनच वाचा. सेकंदाला १२ नोंदी लिहिणाऱ्या प्रायमरीला तेवढं वाचन जड नाही. ॲप आणि रिपोर्ट स्टँडबायवर राहू द्या, आणि मोठे रिपोर्ट सकाळी नऊनंतर चालवा.

कॅसँड्राबद्दल माझं स्पष्ट मत: तुमच्या आकाराच्या कामाला तो लागत नाही. ज्यांनी तो चालवला आहे त्यांनी इथे लिहावं.

उत्तर: तिसराप्रहर

आम्ही चालवला आहे, साडेतीन वर्षं. ताईंच्या मताशी सहमत, पण साहेबांना समजावण्यासाठी तुम्हाला आतली रचना माहीत हवी.

कॅसँड्रा फेसबुकमध्ये तयार झाला आणि २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. तो बांधणाऱ्या दोघांपैकी अविनाश लक्ष्मण हे आधी ॲमेझॉनच्या डायनॅमो या डेटाबेसवरही होते, त्यामुळे प्रती ठेवण्याची तऱ्हा बरीचशी तिथली. नेता नाही. तुमची नोंद कोणत्याही नोडकडे द्या, तो त्या नोंदीपुरता समन्वयक होतो आणि जिथे जिथे तिच्या प्रती ठेवायच्या त्या सगळ्यांकडे एकाच वेळी पाठवतो. तीन प्रती असतील तर पाठवतो नेहमी तिघांकडे. फरक फक्त एवढाच की उत्तर द्यायच्या आधी किती जणांची पोच मोजायची. एकाची, दोघांची की तिघांची, हे तुम्ही प्रत्येक लिखाणाला सांगू शकता. तीनपैकी दोन म्हणजे कोरम. लिहिताना दोन आणि वाचताना दोन घेतले तर दोन्हींत एक नोड सामाईक असतोच, म्हणून ताजी नोंद वाचायला मिळते. लिहिताना एक आणि वाचतानाही एक घेतलं तर तुमची "यादीत दिसत नाही" ही तक्रार तिथेही जशीच्या तशी येईल.

एखादा नोड बंद असेल तर समन्वयक त्याच्या नावाचा निरोप स्वतःकडे ठेवतो आणि तो परत आला की देतो. हे निरोप साधारण ३ तासांपर्यंतचेच जमवले जातात. नोड त्याहून जास्त वेळ बंद राहिला तर रिपेअर, म्हणजे प्रती आपसांत जुळवून घ्यायचं काम, चालवावा लागतो, आपोआप काही होत नाही.

आता पावतीच्या दृष्टीने महत्त्वाचं. कॅसँड्राची पण किर्द असते, कमिटलॉग. पण सुरुवातीच्या सेटिंगनुसार ती दर १० सेकंदांनी डिस्कवर पक्की होते. दोन नोडनी "झालं" म्हटलं तेव्हा ती ओळ दोघांच्या मेमरीत असू शकते. भरवसा यावर की दोघांची वीज एकदम जाणार नाही. वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये असाल तर हा भरवसा ठीक आहे. आमचे तिन्ही नोड एकाच रॅकमध्ये होते.

आणि घड्याळ. दोन लिखाणांत भांडण झालं तर ज्याच्यावर उशिराची वेळ त्याचं खरं. ही वेळ सहसा तुमच्या ॲपच्या बाजूने येते. आमच्या दोन ॲप सर्व्हरपैकी एकाचं घड्याळ ९ सेकंद मागे पडलं होतं, वेळ जुळवणारी सेवा बंद पडलेली कोणाच्या लक्षात आली नव्हती. गोदामातला मुलगा मालाच्या नोंदीत ५० ऐवजी ५०० लिहायचा, लगेच चूक कळून ५० करायचा. दुरुस्ती मागे पडलेल्या सर्व्हरवरून गेली की तिच्यावर आधीची वेळ, म्हणून ५०० च खरं. कुठेही एरर नाही. "झालं" दोन्ही वेळा आलं. दीड महिना आम्ही त्या मुलाला बोलत होतो. त्याची चूक नव्हती, हे कळल्यावर आमच्या मॅनेजरने सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली.

खोडलेल्या नोंदींचंही एक सांगतो. खोडताना तिथे एक खूण ठेवली जाते, ती १० दिवसांनी काढून टाकायची मुभा असते. त्या १० दिवसांत बंद पडलेला नोड रिपेअर न करता अकराव्या दिवशी परत आणला, तर त्याच्याकडची जुनी नोंद पुन्हा जिवंत होऊन सगळीकडे पसरते. तुमचं बिलही दहा दिवसांचं. बिल झाल्यावर खोडलेली दुबार नोंद पुढच्या बिलात उगवली तर काय होईल ते बघा.

कॅसँड्रा वाईट नाही. लाखो मीटर, लाखो सेन्सर, सेकंदाला पन्नास हजार ओळी, एखादी मागेपुढे झाली तरी चालतं, अशा ठिकाणी तो फार चांगला आहे. पैशाच्या नोंदीसाठी मी पुन्हा घेणार नाही.

उत्तर: इंद्रायणीथडी

एक मधला मार्गही आहे, साहेब नवीन डेटाबेसवर अडूनच बसले तर. कॉक्रोचडीबी, युगाबाइट, टायडीबी हे डेटाबेस राफ्ट नावाची बहुमताने एकमत करण्याची पद्धत वापरतात. राफ्ट स्टॅनफर्डच्या डिएगो ऑन्गारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये मांडलं. डेटाचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती, त्यांच्यात एक नेता. नेता ओळ लिहितो, बहुमताने ती आपल्या लॉगमध्ये (किर्दीत) उतरवली की कमिट. नेता गेला तर उरलेले मत देतात, आणि ज्याचा लॉग आपल्यापेक्षा मागे आहे त्याला कोणी मत देत नाही. म्हणजे पन्हाळारोड यांनी त्या सकाळी डोळ्यांनी जे तपासलं ते इथे नियमातच आहे.

कोरमवरून सहकारी संस्थांच्या नोटिशीतली ओळ आठवली असेल: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल, तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. राफ्टमध्ये ही सवलत नाही. तीनपैकी दोन गेले तर उरलेला एक कितीही वेळ थांबला तरी एकटा काही लिहून घेत नाही. बरेच जण नवीन असताना इथे चकतात, "एक नोड जिवंत आहे तरी चालत का नाही" म्हणून.

पन्हाळारोड

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा अंदाज खरा निघाला. मुंबईच्या स्टँडबायवर रोज ७ वाजता जिल्हावार रिपोर्ट सुरू होतो, मीच दोन वर्षांपूर्वी लावलेला. त्या दिवशीचे लॉग उघडले. ७:०५ ला त्याच्याकडे किर्द अगदी शेवटपर्यंत आलेली होती. त्याच दुपारी आम्ही तो पुसून नवीन प्रायमरीवरून पुन्हा बांधला. म्हणजे त्या नोंदी दुपारपर्यंत आमच्याकडे होत्या आणि आम्हीच त्या पुसल्या. लॉग बघून बराच वेळ काही सुचलं नाही.

रिपोर्ट सकाळी साडेनऊला हलवला. आजची यादी प्रायमरीवरून वाचतो. दोन दिवसांत "दिसत नाही"चा एकही फोन नाही.

"एनी १" चाचणीच्या सर्व्हरवर लावलं आहे. दोन शंका. नेट मध्येच गेलं आणि सर्व्हरचं उत्तर आलंच नाही, तर संस्थेने काय समजायचं, लिहिलं की नाही? आणि दुबार टाळायला संस्था, सभासद, तारीख आणि वेळ अशी युनिक की, म्हणजे पुन्हा येऊ न देणारी ओळख, करू का?

किर्दखतावणी

ती की करू नका. एकाच घरातून सकाळी गाईचं आणि म्हशीचं असं दोन्ही दूध येतं. ते वेगळं धरलंत तरी एखादा म्हशीच्याच दोन किटल्या दहा मिनिटांच्या अंतराने आणतो. त्याची दुसरी किटली तुम्ही दुबार म्हणून टाकून द्याल, आणि ते जास्त वाईट.

ओळख नोंदीला संस्थेतच द्या. काट्यावर दूध ठेवून सचिवांनी सेव्ह दाबलं की संस्थेच्या संगणकाने पुढचा पावती क्रमांक काढायचा: संस्था क्रमांक आणि कधीच मागे न जाणारा अनुक्रमांक. तोच क्रमांक पावतीवर, तोच सर्व्हरकडे, आणि त्याच्यावर युनिक बंधन. पुन्हा पाठवताना नवीन क्रमांक काढायचा नाही, तोच पाठवायचा. सर्व्हरवर ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग. मग तीच नोंद पाच वेळा आली तरी एकदाच बसते.

यातच तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर आहे. उत्तर न येणं म्हणजे "लिहिलं नाही" असं नव्हे. उत्तर न येणं म्हणजे माहीत नाही. प्रायमरीने लिहिलं, स्टँडबायने पोच दिली, आणि "झालं" हा शब्द परत येताना वाटेत तार तुटली, असं होतंच. अशा वेळी संस्थेने एवढंच करायचं, त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवायचं.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत पण मला सांगायलाच हवं. नेट गेलं की सचिव काय करतात? रांग काही थांबत नाही, ते वहीत लिहितात ना? म्हणजे तुमच्या व्यवस्थेतली पहिली प्रत मुंबईत नाहीच, ती गावात आहे. तिला रीतसर जागा द्या. नोंद आधी संस्थेच्या संगणकावर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या फाइलमध्ये डिस्कवर पक्की करा, मग पावती छापा, मग सर्व्हरकडे पाठवा. यादीत त्या नोंदीपुढे एक टिंब: राखाडी म्हणजे इथे लिहिलं, हिरवं म्हणजे तीनपैकी दोन सर्व्हरवर बसलं. सचिवांना हे पाच मिनिटांत कळेल, दोन घरांत हिशोब ठेवायची त्यांना सवय आहे. संध्याकाळपर्यंत राखाडी टिंब राहिलं तर तुमच्याकडे सूचना यायला हवी. म्हणजे आजींनी पिशवीतून पावती काढायच्या आधी तुम्हाला कळलेलं असेल.

चाचणी करताना सेवा नीट बंद करू नका. नीट बंद केली की प्रायमरी शेवटची किर्द स्टँडबायकडे पोचवूनच झोपते आणि सगळं छान दिसतं. प्रायमरीचं नेटवर्क एकदम तोडा. क्रमांक टाकत जाणारी एक स्क्रिप्ट लिहा, "झालं" आलेला प्रत्येक क्रमांक वेगळ्या मशीनवरच्या फाइलमध्ये उतरवा, आणि शेवटी जुळवणी करा.

पन्हाळारोड

काल रात्री साडेअकराला चाचणी केली. आम्ही तिघे ऑफिसात थांबलो होतो. तीन सर्व्हर, पेट्रोनी, सिंक्रोनस मोड. १२ कनेक्शनवरून स्क्रिप्ट क्रमांक टाकत होती. ११ वाजून ४२ मिनिटांनी प्रायमरीची येणारी-जाणारी सगळी वाट बंद केली. स्क्रिप्ट जागीच थांबली. ३८ सेकंदांनी मुंबईचा स्टँडबाय स्वतःहून प्रायमरी झाला.

फाइलमध्ये "झालं" आलेले क्रमांक ११,२०६. नवीन प्रायमरीवर मोजले तर ११,२०८.

आधी मला चूक वाटली, पुन्हा मोजलं. ११,२०६ च्या ११,२०६ आहेत, एकही गेलेला नाही. आणि वरचे दोन हे शेवटच्या क्षणी वाटेत असलेल्या १२ पैकी. त्यांचं लिखाण पोचलं, उत्तर परत आलं नाही. मग स्क्रिप्टला ते बाराही क्रमांक पुन्हा पाठवायला लावले. १० नव्याने बसले, २ ना डेटाबेसने आधीपासून आहे म्हणून हात लावला नाही. एकूण ११,२१८.

जुन्या प्रायमरीची वाट उघडली तेव्हा तिच्या किर्दीत तिच्या एकटीच्या काही ओळी उरल्या होत्या, ज्यांची पोच कोणीच दिली नव्हती. पीजी_रिवाइंडने त्या मागे घेतल्या आणि ती स्टँडबाय म्हणून जोडली गेली. त्या ओळींची पावती कुठेही निघालेली नव्हती, हे फाइलशी पडताळून बघितलं.

संस्थेतल्या संगणकावरची फाइल आणि टिंबाचं काम सोमवारपासून घेतोय. आधी तीन संस्थांत लावणार. त्यातली पहिली त्या आजींची.